अप्पांचा फोटो आणि बसलिंगप्पांचा पत्रा

रुद्रेशने मामांचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला ठेवला आणि चहाचा कप तोंडाला लागेपर्यंत खाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "लोकांना कळतं. आपणच लोकांना कमी समजतो."

शिवकन्या पासपोर्ट फोटो कापत होती. कात्री न थांबवता तिनं विचारलं, "ऑर्डर आली का एखादी?"

"आधी दाद येते, मग ऑर्डर येते. कोर्समधी तसंच सांगितलंय."

"मग आज दादेचीच भाजी टाकते."

उदगीरच्या मोंढ्याला, म्हणजे धान्याच्या बाजाराला लागून असलेला हा स्टुडिओ नावालाच रुद्रेशचा होता. गाळा मामांचा. सिद्रामप्पा आडत्याचा भाचा म्हणून तो त्याला मिळाला होता, आणि मामांनी गेल्या महिन्यात सांगून टाकलं होतं, "आधार कार्डाच्या फोटोवर कुणाचं घर चालत न्हाई. दिवाळीपत्तर धंदा दाखव. न्हाई तर मोबाइलच्या कव्हरवाला गाळा मागून राहिलाय, त्याला देतो. तू बस माझ्या आडतीत पोती मोजत."

पोत्यांच्या धास्तीनं रुद्रेशनं ऑनलाइन कोर्स लावला होता. कोर्समधल्या बाई सांगत, की माणसाला त्याच्या जगात टिपा, खिडकीचा उजेड वापरा, रंग काढून टाका म्हणजे माणूस दिसतो. आता रुद्रेशच्या स्टुडिओला खिडकी होती, उजेड नव्हता. शेजारच्या बसलिंगप्पांनी दोन दुकानांमधल्या बोळावर पत्रा ठोकला होता. बोळ कुणाचा यावरून मामांचं आणि त्यांचं वैर इतकं जुनं होतं, की दोघांच्याही पोरांची लग्नं त्यात होऊन गेली, आणि दोन्ही लग्नांत दोघं एकमेकांच्या पंगतीला जेवले, पण पत्र्याचा खिळा हलला नाही.

म्हणून फोटो काल मामांच्या घरी काढला होता. सकाळची पूजा झालेली, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे, भिंतीला पाठ टेकून मामा डोळे मिटून बसलेले. कवळी मोडल्यामुळे गाल आत गेलेले, ओठ घट्ट. मागच्या तसबिरीचा हार नेमका मामांच्या खांद्यावर उतरल्यासारखा दिसत होता. रुद्रेशनं रंग काढले. बाईंनी सांगितल्याप्रमाणे खाली नाव आणि तारीख टाकली. मोठ्या माणसाचा मान म्हणून शेवटी स्वतःच जोडलेले हातही टाकले.

फोटो खरोखर चांगला होता. अडचण एवढीच होती, की लिंगायतांत माणूस गेला म्हणजे त्याला आडवा ठेवत नाहीत. विभूती लावून, हार घालून, भिंतीला टेकवून बसवतात, आणि शेवटचं दर्शन तसंच घेतात. असे शेवटचे फोटो रुद्रेशनं स्वतः कैक काढले होते. पण कोर्स लावल्यापासून तो उजेडाकडे बघायला शिकला होता. माणसाकडे बघायचं तेवढं राहून गेलं.

फोन वाजला. मोंढ्याच्या तोंडाशी फ्लेक्सचं दुकान असलेला सोमेश.

"दादा, अप्पांचा तो फोटो मोठ्या साइजमधी पाठव. बॅनर करायचाय. मोंढ्यातून सांगितलंय."

रुद्रेशनं फोनवर हात ठेवून शिवकन्येला सांगितलं, "बॅनर! मोंढ्यात! माझा फोटो!" मग गंभीर आवाजात सोमेशला, "पाठवतो. पण चेहऱ्यावर मजकूर येऊ देऊ नको. मोकळी जागा सोडलीय ती मुद्दाम सोडलीय."

"हाव, तिथंच टाकतो. वेळ काय टाकू?"

"कशाची वेळ?"

"असं काय विचारून राहिलास दादा... अंत्यविधीची."

शिवकन्येची कात्री थांबली. तिनं नवऱ्याच्या हातातून मोबाइल घेतला, फोटो पाहिला, जोडलेले हात पाहिले, तारीख पाहिली.

"अगं बाई," ती म्हणाली. "मारलंत की हो मामांना."

रुद्रेशनं पहिलं काम केलं ते मामांना फोन लावायचं. बंद. पूजेला बसताना मामा फोन बंद करत आणि आठवेल तेव्हा चालू करत. दुकानी फोन केला तर मुनीमच रडत होता. घरी माणूस धाडावा तर घराला कुलूप. मामी नांदेडला लेकीकडे गेलेल्या. कुलूप पाहून गल्लीनं आपापला अर्थ लावला होता, की अप्पांना दवाखान्यातून परस्पर गावाकडं नेलं.

त्यानं स्टेटस काढून टाकलं. लगेच कुणीतरी लिहिलं, 'बघवत नसेल पोराला.' मग त्यानं नवं स्टेटस लिहिलं, 'मामा जिवंत आहेत.' त्यावर उत्तरं आली, 'हाव. आमच्या मनात बी कायम जिवंतच.'

तेवढ्यात मामींचा फोन.

"रुद्रेशा, हे काय ऐकून राहिले मी? रात्री तर माझ्याशी नीट भांडले फोनवर."

"मामी, काही झालं न्हाई! मामा ठीक हायत."

"मग दे त्यांना."

"ते... आता इथं न्हाईत."

मामींचा आवाज कापला, पण हिशेब सुटला नाही. "हे बघ, ते मला सांगितल्याबगर देवळात बी जात न्हाईत. मेले असते तर आधी चार गोष्टी सुनावून मेले असते. कुठं हायत ते शोध. मी गाडीत बसते."

मामा कुठं होते ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. सिद्रामप्पा पहाटेच्या एसटीनं लातूरला कवळी बसवायला गेले होते. दात नाहीत ही गोष्ट साऱ्या मोंढ्याला दिसत होती. पण ती मोंढ्याला माहीत नाही अशी त्यांची समजूत होती.

"आता गाळा जातो," रुद्रेश चपला शोधत म्हणाला.

"गाळ्याचं सोडा. मोंढ्यात जा जल्दी. ते काहीतरी मोठं करायच्या आत थांबवा."

मोंढ्यात मोठं होऊन गेलं होतं. सौदे बंद. सोयाबीनचे ढीग उन्हात तसेच, हमाल सावलीला, आणि त्या ढिगांत सगळ्यात मोठा ढीग सिद्रामप्पांचाच, आज भाव बरा म्हणून मुद्दाम आणवलेला. मालकाच्याच दुखवट्यात मालकाचा माल अडकला होता. ओट्यावर बॅनर लागला होता. त्यात मामा असे काही दिसत होते, की रुद्रेश त्या घाईतही क्षणभर थबकला. सोमेशनं मोकळी जागा भरून टाकली होती, पण उजेड गालावर जसा पडायला हवा तसाच पडला होता.

तो धावत ओट्यावर चढला. "थांबवा हे! मामांना काही झालेलं न्हाई!"

जमलेल्या शोकसभेत हळहळ पसरली. एका म्हाताऱ्यानं त्याला पोटाशी धरलं. "हादरलंय लेकरू. पाणी द्या त्याला."

"अहो, मी खरं सांगून राहिलो! फोटो म्या काढलाय, ते बसले होते..."

"बसलेलेच असतात रे बाबा. बस तू."

त्याला दोघांनी धरून खुर्चीत बसवलं, हातात पाण्याचा तांब्या दिला. तो उठला की खांद्यावर हात पडे. समोर हजारभर माणसं त्याच्याकडे पाहून डोळे पुसणारी. मामा जिवंत निघाले तर ही माणसं त्याला सोडणार नव्हती. आणि मामा तर जिवंतच होते.

मग बसलिंगप्पा बोलायला उठले. पांढरी टोपी, हातात काठी. आवाज आधीच ओला.

"सिद्राम गेला," ते म्हणाले आणि थांबले. "माझं त्याचं पटत न्हवतं, हे झाकून ठेवण्यात काही मतलब न्हाई. पण मोंढ्यात तराजूला हात लावावा तर त्यानंच. शेतकऱ्याच्या मापात त्यानं कधी मूठभर खोट केली न्हाई."

मागच्या बाजूला, माणसांच्या कडेला, एक गृहस्थ येऊन उभे राहिले. तोंडावर दस्ती दाबून धरलेली. रडणारा आणखी एक, म्हणून लोकांनी सरकून जागा दिली. रुद्रेशची नजर तिकडं गेली आणि तांब्यातलं पाणी त्याच्या मांडीवर सांडलं. दातांच्या डॉक्टरांनी उरलेली एक दाढ काढून नवी कवळी बसवली होती, कापसाचा बोळा दाबून ठेवायला सांगितला होता, बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. मामा बोलत नव्हते. ते आधी बॅनरकडं बघत होते. मग स्वतःच्या सोयाबीनकडं. मग पुन्हा बॅनरकडं. शेवटी त्यांची नजर भाच्यावर आली आणि तिथंच राहिली.

रुद्रेशला वाटलं, आता धरणी नाही तर निदान हा ओटा तरी खचावा.

"आज खरं बोलतो," बसलिंगप्पा सांगत होते. "तो बोळ सिद्रामचाच होता. माझ्या वडलांनी मला सांगितलं होतं. म्या हट्टानं पत्रा ठोकला. आता त्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून साऱ्या मोंढ्यासमोर शब्द देतो. पत्रा मी उद्या काढतो!"

लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, आता दोन मिनिटं उभं राहू. सगळे उभे राहिले. मामा उभेच होते. त्यांनीही मान खाली घातली. त्यांना राग आला असता तर रुद्रेशला परवडलं असतं. हा माणूस स्वतःच्या दुखवट्यात रीतसर सामील झाला होता.

शांततेची वेळ संपली. मामांनी दस्ती खिशात घातली, बोळा थुंकला आणि नव्या दातांनी स्पष्ट उच्चारात म्हणाले,

"उद्या कामून? आजच काढ."

त्यानंतर जे झालं त्याला गोंधळ म्हणणं कमी पडेल. एक हमाल ढिगावर बसला. दोघं पाया पडले. मुनीम पुन्हा रडला, पण आता वेगळ्या कारणानं. बसलिंगप्पा काठीवर भार टाकत पुढं आले. "जिता हायस तू?" एवढंच त्यांनी विचारलं.

"हाव. आणि साऱ्या मोंढ्यानं ऐकलंय."

"मेला म्हणून बोललो रे मी!"

"ते मला काय माहीत? मी तर हजर होतो." मामा ओट्याकडं वळले. "सौदे चालू करा. माझ्या मालापासून."

मग ते बॅनरखाली आले. रुद्रेश खुर्चीतून उठला, ओली पँट सावरत. "मामा, चुकी झाली. गाळ्याची चावी देतो आताच्या आता. उद्यापून आडतीत येतो."

मामा वर बघत होते.

"हा मी हाय?"

"हाव."

"आमच्या वडलांचा फोटो हाय न घरात? मतदान कार्डावरचा मोठा करून लावलेला. कुणालाच वळखू येत न्हाई." त्यांनी नव्या दातांवरून जीभ फिरवली. "बॅनर उतरव. नीट घडी कर, फाडू नको. मजकूर कापून टाक, फोटो ठेवायचाय. कामाला येईल तेव्हा येईल."

"आणि गाळा?"

"तुझ्या मामीला गाडीतून उतरायला सांग आधी. गाळ्याचं मी बघतो."

सांजेला पत्रा निघाला. बसलिंगप्पांनी स्वतः माणूस धाडला, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहिली असती तर लोकांनी त्यांच्या तोंडावर त्यांचंच भाषण म्हणून दाखवलं असतं. स्टुडिओच्या खिडकीतून मावळतीचा उजेड आत आला आणि शिवकन्येला भिंतीवरची जळमटं पहिल्यांदा दिसली.

दुसऱ्या दिवशी ती झाडू घेऊन उभी असतानाच दारात काठी वाजली. बसलिंगप्पा आत आले. धुतलेलं धोतर, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे. त्यांनी मागं वळून रस्त्यावर कुणी नाही ना ते पाहिलं.

"तसाच एक काढायचाय," ते हळूच म्हणाले. "पोरं आधार कार्डावरचा लावतील रे, मला ठाऊक हाय. त्यात मी चोरासारखा दिसतो."

"बसा काका."

"स्टेटसला टाकायचा न्हाई."

"न्हाई काका."

"आणि तारीख टाकायची न्हाई. ती जागा रिकामी ठेव."

रुद्रेशनं खुर्ची खिडकीशी सरकवली. बसलिंगप्पा बसले. उजेड त्यांच्या गालावर असा उतरला, की ते स्वतःच चमकून खिडकीकडं वळले.

"उजेड बरा येतो रे हिथं."

"कालपासून, काका," रुद्रेश कॅमेरा डोळ्याला लावत म्हणाला. "आता हलू नका. आणि डोळे उघडे ठेवा. बाहेर पायरीवर आणखी चौघं विभूती लावून येऊन बसलेत."