गुणवत्तेस बाधा न येता

कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जागा उरली नव्हती. कपाटं भरली होती, कपाटांवरच्या पेट्या भरल्या होत्या, आणि फायलींचे गठ्ठे जिन्यात येऊन बसल्यामुळे साहेबांना वर चढताना पोट आत घ्यावं लागत होतं. बाब गंभीर होती. तिच्यावर साधकबाधक विचार झाला आणि समोरचं सरकारी प्रसूतिगृह बंद करून ती इमारत अभिलेखांना द्यावी, असं ठरलं. बाळंतिणींना नदीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात जाता येतं. फायलींना चालता येत नाही. मात्र लोकांचं म्हणणं ऐकल्याशिवाय असं काही करायचं नाही, असा नियम होता. म्हणून आधी निर्णय झाला आणि मग जनसुनावणी ठेवण्यात आली.

चित्रीकरणाला गावातल्या शूटिंगवाल्याला बोलावलं. त्याची सगळी हयात लग्नं आणि वाढदिवस टिपण्यात गेलेली. फिल्ममध्ये एकही नातेवाईक सुटता कामा नये, सुटला तर तो जन्मभर बोलत नाही, हे त्याचं शास्त्र. त्यामुळे सुनावणीत जो जो उठला तो तो त्यानं टिपला. लोक पुष्कळ उठले. कुणी ओरडलं, कुणी हात जोडले, एका आजीबाईंनी तर काठी आपटली. सगळ्यांत शेवटी शूटिंगवाल्याची सख्खी थोरली बहीण उभी राहिली. ताई कपडे शिवायची; तिच्या लेकीला सहावा महिना लागला होता. ताई बोलायला लागली तशी कुजबूज थांबली. पंखा खडखड करत होता, तो शिपायानं आपणहून बंद केला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. ती खाली बसली तेव्हा शूटिंगवाल्याला कॅमेऱ्यातलं नीट दिसेना. भिंगाला काही झालं नव्हतं, त्याचेच डोळे भरून आले होते.

मग मुख्यालयाचं परिपत्रक आलं. सुनावणीचे चित्रीकरण गुणवत्तेस कोणतीही बाधा न येता एकाच डिस्कवर सादर करावे.

"साहेब, फाइल मोठी आहे. तीन डिस्क लागतील," शूटिंगवाला म्हणाला.

"पाकिटात एकच मावते."

"तीन पाकिटं घेऊ."

"आणि जावक क्रमांक कुठल्या पाकिटाला देऊ?" हेडक्लार्कनी विचारलं.

शूटिंगवाल्यानं फाइल दाबून दाबून एका डिस्कमध्ये बसवली आणि दाखवायला आणली. साहेब पडद्याजवळ वाकले.

"हे गृहस्थ कोण?"

"आपणच, साहेब."

"माझ्या नाकाच्या जागी पायऱ्या दिसतात."

"दाबल्यावर चौकोन पडतात, साहेब. एक तर फाइल लहान राखा, नाही तर रूप."

"परिपत्रकात दोन्ही राखायला सांगितलं आहे," साहेब शांतपणे म्हणाले.

शूटिंगवाल्यानं समजावून सांगायचा प्रयत्न केला, आणि तिथेच घात झाला. "साहेब, कॉम्प्युटरची एक युक्ती असते. चित्रातलं जे बदलत नाही ते तो पुन्हा पुन्हा साठवत नाही. मागची भिंत एकदा साठवली की पुढच्या चित्रात तो नुसतं म्हणतो, भिंत वरीलप्रमाणे."

हेडक्लार्कांचा चेहरा उजळला. "वरीलप्रमाणे? अहो, मग हे आपलंच शास्त्र आहे."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. एवढी माणसं उठली खरी, पण म्हणाली काय? प्रसूतिगृह बंद करू नका. दुसरा? तेच. आजीबाई? तेच, वर काठी. तेव्हा एक माणूस ठेवावा आणि बाकीचे वरीलप्रमाणे समजावेत. सगळ्यांत कमी बोललेला म्हणून एका किराणा दुकानदाराची निवड झाली. तो फक्त "बंद करू नका" एवढंच म्हणून बसला होता.

तरी फाइल बसेना. साहेबांचं प्रास्ताविक लांब होतं, पण ते मूळ दस्तऐवजात मोडत असल्यामुळे त्याला हात लावता येत नव्हता.

"आता जागा खातंय कोण?" साहेबांनी विचारलं.

"जे हलतं ते, साहेब. दुकानदार बोलताना हात फार उडवतो."

"सुनावणीत न हलणारं कुणी नव्हतं?"

पहिल्या रांगेत एक निवृत्त पोस्टमास्तर सापडले. अगदी स्थिर. मधूनच मान तेवढी खाली जात होती.

"किती शांतपणे होकार देताहेत," हेडक्लार्क कौतुकानं म्हणाले.

"ती डुलकी आहे."

"तुमच्या कॅमेऱ्यात डुलकी असेल. रेकॉर्डला ती संमती आहे."

दुकानदार गेला, पोस्टमास्तर आले. आता उरली ताई. आत्तापर्यंत सगळ्यांनी तिच्याकडे काणाडोळा केला होता. शूटिंगवाला चाचरत म्हणाला, "साहेब, एवढं राहू द्या. ती माझी ताई आहे."

साहेबांनी त्याच्याकडे मायेनं पाहिलं. "आधी सांगायचं होतंत. सगळ्या गावाला गाळलं आणि चित्रीकरण करणाऱ्यानं आपल्या बहिणीला ठेवलं, असं उद्या कुणी म्हटलं तर? आम्ही सांभाळून घेऊ हो, पण तुमच्याबद्दल लोक काय म्हणतील?"

शूटिंगवाल्याला एकदम ओशाळल्यासारखं झालं. आपण केवढा मोठा पक्षपात करायला निघालो होतो, असं वाटून त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शिवाय कार्यालयाची पुढची कामं त्यालाच मिळायची होती, हेही त्याला त्याच वेळी आठवलं. त्यानं ताईचं बोलणं काढून टाकलं. मन राहीना म्हणून उठण्यापूर्वीची ताई तेवढी ठेवली. खुर्चीत बसलेली, ओठ मिटलेले. जागा फारशी लागली नाही.

फाइल बसली. डिस्क निम्मी रिकामीच राहिली. ते पाहून त्याला नको तो हुरूप आला. "साहेब, एवढी जागा वाचते, तर सगळी जुनी रेकॉर्डंही अशीच आटतील की. मग प्रसूतिगृह कशाला घ्यायचं?"

"मुद्दा चांगला आहे," साहेब म्हणाले, "पण सुनावणी संपली."

मुख्यालय खूश झालं. चित्र कमालीचं सुस्पष्ट असून कोणाचीही हरकत दिसून येत नाही, असा शेरा आला. प्रसूतिगृहातले पाळणे हलले, मांडण्या आल्या. नव्या कक्षाच्या उद्घाटनाला ती फिल्म गावाला दाखवायची ठरली. विरोध करणारे झाडून हजर होते.

शूटिंगवाला मागे अंग चोरून उभा राहिला. आता बोंब उठणार, अशी त्याची खात्री होती. पण पडद्यावर सभागृह दिसलं मात्र, आणि जो तो स्वतःला शोधू लागला. "तो बघ मी, खांबाच्या डावीकडे." "अगं, साडीचे काठसुद्धा कळताहेत." दुकानदार मुलाला म्हणाला, "बघ, शर्टाची इस्त्री दिसते का नाही?" कोण काय बोललं होतं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आजीबाईंनी तर कॅमेरा चांगला आहे म्हणून शूटिंगवाल्याच्या पाठीवर थाप मारली.

ताई तेवढी शेवटपर्यंत पडद्याकडे बघत होती.

"मी उठते कधी?" तिनं विचारलं.

"पुढे, ताई."

"पुढे कधी?"

"पुढे... फिल्म संपते."

तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "चित्र मात्र स्वच्छ आलंय," एवढंच म्हणून ती निघून गेली.

भाची मोठ्या इस्पितळाच्या वाटेवर, पुलावर, रिक्षातच बाळंत झाली. रिक्षावाल्यानं तोंड फिरवून हॉर्न वाजवत पूल मोकळा केला, ताईनं बाकीचं निभावलं. मुलगी झाली, ठणठणीत. आवाज असा की नदीच्या दोन्ही काठांना ऐकू जावा. शूटिंगवाला कॅमेरा घेऊन बाळाला बघायला गेला, तर ताई दारातच उभी.

"तू आत ये. कॅमेरा बाहेर ठेव."

"का गं?"

"ही एक क्षण स्वस्थ पडत नाही. तुझ्या डिस्कमध्ये बसायची नाही."

त्यानं कॅमेरा पायरीवर ठेवला आणि मुकाट्यानं आत गेला.

आता एक खुलासा. त्या दिवशी सुनावणीत ताई नेमकं काय बोलली, ते या गोष्टीत कुठेच आलेलं नाही. जागेअभावी गाळलं. आपण इथपर्यंत वाचत आलात आणि त्याबद्दल एकदाही चौकशी केली नाहीत, त्याअर्थी गुणवत्तेस बाधा आलेली नाही, असं समजण्यात येत आहे.