पाइपाचा जाहीर सत्कार

एका जंगलात, बाळांनो, इतकी थंडी पडायची की कोल्ह्याची कोल्हेकुई तोंडातच गोठायची. मग तो बिचारा उन्हात बसून ती हळूहळू सोडायचा.

त्या जंगलाच्या पार टोकाला शेळीचा गोठा होता. शेळी नुकतीच व्याली होती. पोटाशी दोन करडं आणि बाहेर शिंगांएवढा बर्फ! झऱ्यावर जाणार कशी? बर्फ चघळून चघळून तिचे दात शिवशिवायला लागले. दूध आटलं.

शेजारच्या बिळात घूसमावशी राहायची. करडांचं रडणं तिला ऐकवेना. ती तडक पाणीपुरवठा मंत्री अस्वलरावांकडे गेली.

"साहेब, झऱ्यापासून गोठ्यापर्यंत पाइप टाका. पण चांगला खोल पुरा हो. वरची माती गोठते, खालची नाही. मी तिथेच राहते, मला ठाऊक आहे."

अस्वलरावांनी मोठी जांभई दिली. "मावशी, पुरलेला पाइप कुणाला दिसणार? आणि मी उद्घाटन कशाचं करू?"

झालं! पाइप बर्फावरूनच टाकला. फीत कापली. टाळ्या पडल्या. पाणी ऐटीत निघालं आणि अर्ध्या वाटेत गोठलं.

"थंडी वाजत असेल त्याला," अस्वलराव म्हणाले. त्यांनी पाइपाला शाल पांघरली, नारळ दिला आणि तासभर भाषण ठोकलं. सभा पेंगली. पाइप ढिम्म!

घूसमावशीने मात्र नखं सरसावली. माती दगडासारखी झाली होती. दोन नखं मोडली. मावशी रडली, पण थांबली नाही. खूप खाली गेल्यावर माती मऊ लागली, उबदार लागली. चार दिवस खणून तिने पाइप खाली ओढला आणि माती लोटली. शाल तेवढी वर राहिली.

पाचव्या दिवशी गोठ्यात पाणी आलं! शेळी घटाघटा प्यायली. संध्याकाळपर्यंत दूध उतरलं.

"मावशी, लेकरं वाचवलीत हो माझी," ती म्हणाली.

तेवढ्यात अस्वलराव आले. "बघा! शाल लागू पडली!"

जंगलातल्या यच्चयावत पाइपांना शाली पांघरायचा हुकूम सुटला. विनापरवाना खणल्याबद्दल मावशीला नोटीस आली. मावशीने ती बारीक कुरतडली आणि करडांखाली अंथरली. छान ऊब आली.

तात्पर्य: बाळांनो, कुठल्याही कामाच्या फार खोलात जाऊ नये. गेलं की नुसतं पाणी मिळतं.