मोठ्या दादांचे कुलकर्णीकाका

कुलकर्णीकाकांकडं पहिल्यांदा गेलात, तर ते आधी तुम्हाला घरासमोरच्या मैदानात नेतील. "मोठ्या दादांना नमस्कार करा, मग चहा."

मोठे दादा म्हणजे आमच्या पडेगावच्या कॉलनीतला विटांचा जुना मनोरा. कधीकाळी डोंगराकडून नळानं आलेलं पाणी यात चढायचं, निवळायचं आणि पुढं शहरात जायचं. आता आत नुसते पारवे. काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळं पाण्याचं सगळं खानदान तोंडपाठ. संक्रांतीला मनोऱ्याला तिळगूळ ठेवायचे!

मी म्हणायचे, "अहो, विटांना काय गोड बोलायला सांगता?"

"तुमच्यापेक्षा बऱ्या बोलतात." घ्या!

आमचे अध्यक्ष साळुंकेसाहेब. त्यांच्या डोक्यात आलं, मनोरा पाडायचा आणि पार्किंग करायचं. रविवारच्या सभेत हात वर झाले की जेसीबी येणार. काकांनी काय करावं? कट्ट्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली पोरं धरली.

"चला, या मनोऱ्याचं नाटक बसवू."

"काका, लई बोअर होईल."

"मग बोअर होणार नाय असं तुम्हीच लिहा."

झालं! त्यातली सना रॅप लिहायला बसली, सुमितनं गावाकडून हलगी आणली. रोज संध्याकाळी असा दणका, की माझ्या सिरियली गेल्या कामातून.

रविवारी सभेआधी प्रयोग. काका मनोऱ्याच्या आत बसून प्रॉम्प्टिंग करणार. ऐन रंगात सुमित वाक्य विसरला. नेमके तेव्हाच साळुंकेसाहेब फोन घ्यायला उठून पुढं आले, आणि मनोऱ्यातून आवाज घुमला, "बावळटा, उभा काय राहिलास? हात जोड!"

साळुंक्यांनी फोन खिशात टाकून चटकन हात जोडले. अख्खी कॉलनी हसून लोळली. पण नाटकाच्या शेवटी सनानं विचारलं, "ज्यानं तुमच्या पणज्यांची तहान भागवली, त्याला पाडणार?" तेव्हा कुणी हसलं नाही.

सभेत पाडायच्या बाजूनं एकही हात वर आला नाही. साळुंक्यांचासुद्धा! मी तर तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. वय गेलं चुलीत.

पोरांनी काकांना खांद्यावर नाचवलं. गर्दी पांगली, तेव्हा काका एकटेच सतरंजी गुंडाळत होते.

"काय झालं काका? जिंकलो की आपण!" सना म्हणाली.

"व्हय गं. लई चांगलं झालं." ते खाली बघत म्हणाले, "पण तालीम संपली ना आता. तुझी काकू गेल्यापासून संध्याकाळ सरत नव्हती. तुम्ही आलात अन् कधी सरायची ते कळलंच नाय."

सनानं त्यांच्या हातातली सतरंजी काढून घेतली आणि होती तिथंच परत अंथरली.

"बसा काका. पुढचं नाटक कशावर करायचं?"