शकू आणि पाहुणी

संध्याकाळी घरी निघताना परचुरेबाई एका कपाटाचा निरोप घेत. कपाट पोलादी, कमरेइतकं उंच, आत माणसाच्या अंगाइतकी ऊब. बाई त्याच्या दारावर तळवा ठेवत, "येते गं" म्हणत आणि थांबत. किती थांबत? समोरचं माणूस "बरं, सावकाश जा" म्हणायला जेवढा वेळ घेईल, अगदी तेवढाच. मग मान हलवून पर्स उचलत. त्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं तांत्रिक सहायक होतो. सुरुवातीला मला याचं हसू यायचं. पुढे पुढे त्या थांबल्या की मीही श्वास रोखून ऐकू लागलो.

बाई कर्करोगाच्या पेशींवर संशोधन करायच्या. कपाटात चपट्या बाटल्यांमध्ये लालसर पोषकद्रवाखाली त्या पेशी वाढायच्या. त्यांचं खाऊन झालं की द्रव पिवळा पडायचा, मग तो काढून ताजा घालायचा. आम्ही याला 'जेवायला घालणं' म्हणायचो. वरच्या फळीवरच्या दोन बाटल्यांना कागदोपत्री क्रमांक होता, पण बाईंनी त्याखाली निळ्या शाईनं लिहिलं होतं, 'शकू'.

शकू ही बाईंची धाकटी बहीण. पोटातल्या गाठीनं गेली. ऑपरेशनच्या आधी बाईंनी तिला विचारलं होतं, "गाठीचा तुकडा नेऊ का गं कामाला?" ती म्हणाली, "ने की. नाहीतरी आमच्या दोघींत तिलाच भूक जास्त आहे."

शकू गेली. तुकडा राहिला.

रुग्णाच्या पेशी बाटलीत सहसा टिकत नाहीत. या टिकल्या, पण गोठवून ठेवायला गेलं की मरत. म्हणजे सतत वाढवत राहणं एवढाच मार्ग. बाई दिवाळीत अभ्यंगस्नान करून ओल्या केसांनी यायच्या आणि शकूला जेवायला घालायच्या. खोलीभर उटण्याचा वास. "हिच्या आजवरच्या सगळ्या पेशी ठेवल्या असत्या ना देवधर," सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता एकदा म्हणाल्या, "तर मार्केट यार्डात गाळा घ्यावा लागला असता. आणि जिवंतपणी बघा, शेवटी अडतीस किलो."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं : "शेजाऱ्याला टेकलं की थांबायचं, ही पेशीची सभ्यता." गाठीच्या पेशी ही सभ्यता सोडतात. शकूच्या पेशी मात्र गाठीच्या असूनही शेजारणीला टेकल्या की थोड्या दबकायच्या. का, हाच बाईंच्या संशोधनाचा विषय. मी विचारलं तर म्हणाल्या, "आमच्याकडे वळणच तसं आहे."

ते दिवस पुणं चहूबाजूंनी सुटल्याचे होते. एकदा बाईंनी मला टेकडीवर नेलं. लांब नव्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती चमकत होत्या. "गाठीला मोठं व्हायचं असलं की ती आधी स्वतःकडे रक्तवाहिन्या ओढून घेते," बाई म्हणाल्या. "ते बघा." खाली पाण्याचे टँकर एकामागे एक त्या इमारतींकडे चालले होते. तेव्हापासून मला टँकर नुसता टँकर दिसत नाही.

माझ्या मुलीच्या लग्नात, पंगतीत जिलबी फिरत असताना, त्यांनी विहीणबाईंच्या मानेवर बोट टेकवलं. "हा तीळ केव्हापासून हो? कड जरा वेडीवाकडी वाटते." विहीणबाईंच्या हातातली जिलबी तशीच राहिली. त्यांनी तीळ तपासून घेतला, काही निघालं नाही. हे कळल्यावर बाई म्हणाल्या, "वा! तुमच्या नात्यात निदान एक तरी थांबणारं निघालं."

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. बाई गेल्या वर्षी गेल्या. संस्थेच्या कागदांत एक चूक त्यांच्या नावावर आहे. ती माझी आहे.

कपाटाच्या खालच्या फळीवर परदेशातून आणलेल्या, फार हावऱ्या पेशी असत. त्यांना आम्ही 'पाहुणी' म्हणायचो. शकूला दुप्पट व्हायला पाच दिवस लागत, पाहुणीला एक. म्हणून नियम कडक होता : दोघींच्या द्रवाच्या बाटल्या वेगळ्या, आणि एकीची बाटली दुसरीला कधीही लावायची नाही.

त्या जूनमध्ये माझ्या मुलाची अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबईला मुलाखत होती. त्याला स्वारगेटला बसमध्ये बसवून द्यायचं होतं. बाई परगावी होत्या. शकूची एक बाटली झाली, दुसरीला द्रव पुरेना. फ्रिजमधला ताजा द्रव ऊन व्हायला अर्धा तास गेला असता. समोर पाहुणीच्या द्रवाची बाटली उघडीच होती. द्रव तोच. पण त्यात पाहुणीची एखादी पेशी पडलेली असू शकते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी त्यातला घातला आणि स्कूटरला किक मारली.

बाई परतल्या तेव्हा सांगितलं असतं, तर ती बाटली फेकून दुसरी वाचली असती. नाही सांगितलं. पुढच्या आठवड्यात बाईंनी नेहमीप्रमाणे दोन्ही बाटल्यांतल्या पेशी एकत्र करून पुन्हा वाटल्या. मी शेजारी उभा होतो.

मुलाला व्हिसा मिळाला.

दिवाळीत बाई पेढे घेऊन आल्या. "देवधर, शकूला भूक लागायला लागली! बघा तरी." मी पाहिलं. शकूच्या पेशी लांबट, अंग चोरून बसणाऱ्या. आता बाटलीच्या तळाशी टपोऱ्या, गोलसर पेशी एकमेकींवर चढल्या होत्या. थांबणं एकीलाही माहीत नव्हतं. बाटलीवर नाव शकूचं, आत शकू कुठेच नव्हती. मला दिसलं ते बाईंना कसं दिसलं नाही? आजारी माणूस जेवू लागलं की आपण त्याचा चेहरा निरखत नाही, एवढंच मला सुचतं. मी पेढा खाल्ला आणि "छान आहे" म्हणालो.

पुढे सहा वर्षं त्या कपाटाला "येते गं" म्हणत राहिल्या. मला मात्र त्या वेळी खोलीत थांबवेना. आतून उत्तर आलंच, तर कुणाच्या आवाजात येईल?

मग पेशींची ओळख पटवणाऱ्या चाचण्या निघाल्या. बाईंनी नमुना पाठवला. अहवाल आला : बाटलीत निव्वळ पाहुणी. बाईंनी छापलेले दोन निबंध मागे घेतले. पत्रात लिहिलं, 'चूक माझ्या हातून झाली.' ते पत्र मीच टाइप केलं, एक अक्षर न बदलता. मग बाई उठल्या आणि त्या बाटल्यांत ताजा द्रव घालू लागल्या.

"बाई, आता कशाला?"

"कुणाची का असेना. उपाशी ठेवायची?"

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी एका दुपारी मी कसबा पेठेत त्यांच्या दोन खोल्यांत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. बाईंनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"अहो देवधर, चहा तरी प्यायचात आधी," म्हणाल्या. मग, "तारीख?"

मी सांगितली. मुलाच्या मुलाखतीची तारीख विसरणार कशी?

"द्रव किती घातलात?"

"दहा मिलिलिटर."

त्यांनी वही ओढली. पाहुणी रोज दुप्पट, शकू पाच दिवसांनी, दर आठवड्याला अर्ध्या पेशी फेकलेल्या. पानभर आकडे झाले. मला वाटलं, माझा गुन्हा मोजतायत. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे त्या वर्षीच्या गणपतीपर्यंत होती की हो," बाई म्हणाल्या. "गौरी जेवल्या तेव्हा असणार थोडीशी."

मला मान वर करवेना.

"इतकी वर्षं तिचं श्राद्ध घातलं नाही मी. तिथी कुठली धरायची तेच कळत नव्हतं." त्यांनी पानाच्या तळाशी 'भाद्रपद' लिहिलं, खाली रेघ मारली. "जेवायला याल ना? तिला रोज बघितलेलं माणूस आता तुम्हीच एक उरलात."