निहार खुर्च्या-न-उचलता-गेला

गेल्या महिन्यात आमच्या डच मुलखातल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीने एकमताने ठराव केला, की सभासदांची आईवडिलांनी ठेवलेली नावं यापुढे तात्पुरती समजण्यात यावीत. ठराव मीच लिहिला. मी शिरीष, चिटणीस. माझं काम लिहायचं. पटवून घ्यायचं नाही.

झालं असं, की आमचे अध्यक्ष अंबरीशराव लायडनचं संग्रहालय बघून आले. तिथे गाईडने त्यांना सांगितलं, की प्राचीन इजिप्तमध्ये राजाविरुद्ध कट करणाऱ्या दरबाऱ्यांची नावंच खटल्याच्या कागदात फिरवून टाकली होती. 'सूर्यदेवाचा लाडका' असा नावाचा अर्थ असलेला माणूस थेट 'सूर्यदेवाला नकोसा' म्हणून नोंदला गेला.

"तीन हजार वर्षं झाली, अजून नकोसाच आहे," अंबरीशराव भारावून म्हणाले. "रेकॉर्ड असावं तर असं."

लगोलग त्याच धर्तीवर दरबारी पदं वाटली गेली. मला 'अध्यक्षांच्या उजवीकडचा पंखाधारी' हे पद मिळालं. या देशात पंखा वर्षातून चार दिवस लागतो, पण पद ते पद. मग गुन्हेगार घेतले. पहिला निहार. तीन महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेला आयटीवाला, गणपतीच्या कार्यक्रमानंतर खुर्च्या न उचलता सटकला होता. सभासदांच्या यादीत त्याचं नाव पडलं 'निहार खुर्च्या-न-उचलता-गेला'.

"अहो, त्याला घर बघायला बोलावलं होतं," उपाध्यक्ष मालिनीताई म्हणाल्या. "इथे वेळ चुकली की घर गेलंच समजा."

त्यांचं नाव तिथल्या तिथे 'मालिनी मध्येच-बोलते' असं नोंदवण्यात आलं.

आठवड्याने निहार माझ्याकडे आला. द हेगला मित्राच्या हॉलमध्ये गादी टाकून राहत होता. त्या दिवशी बुइटनव्हेल्डर्ट भागात घर दाखवणारी घरमालकीण घर द्यायला तयार होती, फक्त ओळखीच्या संस्थेचं पत्र मागत होती. बायकोला सहावा महिना, पंधरा दिवसांत येणार. घर नाही तर पत्ता नाही, पत्ता नाही तर खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोंदणी नाही.

"दादा, दोन ओळी द्या फक्त."

"देतो की. पण पत्र यादीतल्या नावानेच निघतं."

"ते नाव डचमध्ये भाषांतर करून?"

"नियमाप्रमाणे."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पंखाधाऱ्याला वाईट वाटण्याची घटनेत तरतूद नाही, म्हणून मी विषय बैठकीपुढे ठेवला.

अंबरीशराव बधले नाहीत. "आज खुर्च्या सोडल्या, उद्या आरतीची ताटं सोडेल. शिस्त म्हणजे शिस्त." तेवढ्यात टेबलावरचा त्यांचा फोन वाजला. काय ठरलं ते विचारायला निहारच फोन करत होता. स्क्रीनवर नाव आलं, 'फुकट्या नवीन'.

मालिनीताईंनी ते वाचलं आणि पर्समधून आपला फोन काढला. "अंबरीशराव, मी लावून बघू तुम्हाला? आम्ही कोण आहोत ते तरी कळू दे."

अंबरीशरावांनी फोन उचलून खिशात घातला.

"मग शिरीष, तुम्हाला लावू?"

त्यासरशी टेबलावरचे सगळे फोन पालथे पडले. पहिला माझा.

पुढच्या दोन मिनिटांत निहारचं पत्र त्याच्या आईवडिलांनी ठेवलेल्या नावाने, 'अत्यंत विश्वासू' या शेऱ्यासह, मंजूर झालं. यादी तांत्रिक कारणास्तव रद्द झाली. निहारला घर मिळालं. ती बैठक मात्र फार लवकर आटोपली. प्रत्येकाला घरी जाऊन काहीतरी दुरुस्त करायचं होतं.

वाचकहो, तुम्हीही आता फोन उघडून बसला असाल. बसा, सावकाश दुरुस्त करा. तुमचं स्वतःचं नाव मात्र दुसऱ्यांच्या फोनात आहे, आणि त्यांनी अजून हे वाचलेलं नाही.