अकिबची गाडी समतुल्य ठरते, त्याची हकीकत

सावित्रीकाठच्या या गावाचं नाव इथे दिलेलं नाही, कारण नाव दिलं की गाव निषेधाचा ठराव करील, आणि ठराव करण्यात या गावाचा हात तालुक्यात कोणी धरू शकत नाही. महाडहून तुडीलकडे जाताना ते लागतं, एवढं पुरे. गावात एकच रस्ता आहे आणि त्यावर प्रत्येक प्रतिष्ठित घरासमोर एक गतिरोधक आहे. गावात अप्रतिष्ठित घर नाही.

गतिरोधक वेग रोखण्यासाठी बांधतात, असा शहरी समज आहे. इथे ते घराण्याची उंची दाखवायला बांधतात. एकाचा मुलगा कतारला गेला तेव्हा त्याने दारासमोर वीतभर उंचीचा बांधून घेतला. शेजाऱ्याचा जावई कुवेतला लागला, त्याने त्याच्यावर चार बोटं चढवली. मग परदेशी कोणीच नसलेल्यांनी केवळ जिद्दीवर बांधले. शेवटी रिक्षावाले नाक्यावरूनच मागे फिरू लागले, आणि रस्त्याच्या पार टोकाला राहणाऱ्या अमिरुन्निसाबीला नाक्यापर्यंत चालत जावं लागू लागलं.

तिचे दोन्ही गुडघे गेलेले. ती एका गतिरोधकावर बसायची, दम खायची, कण्हत उठायची आणि पुढच्यावर जाऊन बसायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेका, बरं वाटेल. सव काही विलायतेत नाही. पण नाका गाठेपर्यंतच तिची घरी परतायची वेळ व्हायची.

म्हणून ती ग्रामसेवकांकडे गेली. ग्रामसेवक म्हणजे दीपक भाऊसाहेब.

"भाऊसाहेब, ब्रेकर जरा बसके करा. रिक्षा दारात येऊ दे."

"कारण?"

"गुडघे."

"अमिरुन्निसाबी, गुडघे ही वैयक्तिक बाब आहे. रस्ता सार्वजनिक आहे. वैयक्तिक बाब सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही."

"मी तर रोज आनते. बसत बसत."

भाऊसाहेब हसले नाहीत. कार्यालयीन वेळेत ते हसत नसत आणि त्यानंतर ते गावात नसत.

पुढे महाडला ट्रकांचा धंदा करणारे मुरादशेठ ईदला गावच्या घरी आले, ते जर्मन बनावटीची, दोन दारांची, जमिनीला चिकटून चालणारी स्पोर्ट्स कूपे घेऊन. पहिल्याच गतिरोधकावर तिचं पोट घासलं. असा करकराट झाला, की तो ग्रामपंचायतीलासुद्धा ऐकू गेला, आणि ग्रामपंचायत सहसा काही ऐकत नाही. तातडीची सभा बसली. स्पोर्ट्स कारला गावात अटकाव होणं गावाच्या लौकिकास बाधक आहे, यावर एकमत झालं. शीरखुर्मा संपायच्या आत मुरादशेठच्या फाटकापर्यंतचे सगळे गतिरोधक जेसीबीने खरवडून काढले. ज्यांची प्रतिष्ठा खरवडली गेली, त्यांनीच जेसीबीला हार घातला. खर्च कबड्डीच्या मैदानाच्या निधीतून झाला. मैदानाला तशीही जागा सापडत नव्हती.

फाटकापुढचे गतिरोधक मात्र जागच्या जागी राहिले. अमिरुन्निसाबीचं घर त्यांच्याही पलीकडे. तिने हे सगळं ओट्यावरून पाहिलं, विचार केला आणि दोहाला एसी दुरुस्तीचं काम करणाऱ्या मुलाला फोन लावला.

"अकिब, येताना खजूर नको आनूस. हितं येऊन गाडी घे."

"कसली गाडी, अम्मी?"

"बसकी. मुरादभायच्या गाडीसारकी. जिला काय पन झेपत नाय अशी."

आईने आपणहून मुलाकडे स्पोर्ट्स कार मागितल्याचं कोकणातलं हे बहुधा पहिलंच उदाहरण. अकिबला रात्रभर आनंदाने झोप लागली नाही. सुट्टीवर आला आणि ऐपतीत बसणारी सर्वांत स्वस्त कूपे त्याने उचलली. लाल रंगाची, दोन दारांची, डोळे वटारलेली. गाडी थाटात गावात शिरली, मुरादशेठच्या फाटकापर्यंत सुरळीत आली आणि पुढच्या गतिरोधकापाशी अडली. तिथेच, ईदपासून मालकासह गावीच मुक्कामाला असलेल्या जर्मन गाडीशेजारी ती उभी करावी लागली.

दुसऱ्या दिवशी मायलेक पंचायतीत हजर.

"आता काढा ब्रेकर," अमिरुन्निसाबी म्हणाली. "आमची पन स्पोर्ट्स हाय."

भाऊसाहेबांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं. "सवलत स्पोर्ट्स कारला आहे, हे खरं. पण ही तेवढी महाग दिसत नाही. महाग गाडीशी समतुल्य आहे का, ते तपासावं लागेल. समिती नेमू."

समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब. तज्ज्ञ म्हणून मुरादशेठ, कारण अशी गाडी असलेला निःपक्ष माणूस गावात दुसरा नव्हता. बाकीचं गाव निरीक्षक.

पहिली तपासणी फाटकापाशी झाली. अकिब नवा शर्ट घालून आला होता. "भाऊसाहेब, पोलादपूरच्या पुढे कशेडी घाटात चला. दोन्ही गाड्या सोडू. वळणावर ही त्या गाडीला मागे टाकते का नाय बघा!"

"वेग हा निकष नाही," भाऊसाहेब म्हणाले. "मायलेज किती देते?"

"एकदम झकास! स्कूटरच्या खालोखाल."

गर्दीत कुजबुज झाली. मुरादशेठ कीव आल्यासारखे हसले. "माझी या पंपावरनं निघते ती त्या पंपावर जाते. मधे कुठं जायची ताकद नाय तिची."

"वा!" भाऊसाहेब म्हणाले. "आणि डिकी? हिच्या डिकीत काय मावतं?"

"तांदळाचं पोतं आरामात. वर नारळ पन."

"माझ्या डिकीत माझी टोपी मावत नाय," मुरादशेठ म्हणाले. समितीने जर्मन गाडीकडे आदराने पाहिलं.

निर्णय जागेवरच झाला. सदर वाहन उपयुक्त आढळल्याने त्यास स्पोर्ट्स कार म्हणता येत नाही. मालकाची इच्छा असल्यास जुम्म्याला फेरतपासणी होईल.

घरी आल्यावर अमिरुन्निसाबीने मुलाला समोर बसवलं.

"तुला अक्कल हाय का रे? सरकारी मानसासमोर गुन सांगतात?"

"पन अम्मी, गाडी खरंच चांगली हाय!"

"तीच तर पंचाईत हाय. चांगल्या वस्तूसाठी या गावात कोन जेसीबी आनतो? आता नीट ऐक. मायलेज विचारलं की आभाळाकडे बघायचं. डिकी मी बघते."

डिकीत तिने घरातल्या सगळ्या गोधड्या कोंबून वरून लोड दाबला. आता तिच्यात सुपारीचं खांडसुद्धा शिरलं नसतं. राहिली मागची सीट. ती माणसाला बसता येईल अशी होती, हा मोठाच दोष होता. त्यावर शेजारच्या प्रयागबाईने तोड काढली. प्रयागबाई भाताची खाचरं सांभाळणारी, अंगाने भरलेली आणि मनाने त्याहून.

"मी बसते गो मागं. आणि अडकल्याचं सोंग करते. साळेत असताना मी नाटकात झाड झाले व्हते. शेवटपर्यंत हलले नाय."

जुम्म्याला नमाजानंतर सगळा गाव पुन्हा जमला. भाऊसाहेबांनी मायलेज विचारलं. अकिबने आभाळाकडे पाहिलं. समितीनेही पाहिलं, आणि तिथे काही नसल्याची नोंद मनोमन घेतली. डिकी उघडली, भाऊसाहेबांनी आपला चष्म्याचा डबा आत ठेवायचा प्रयत्न केला, तो बाहेर घरंगळला. "सुधारणा आहे," ते म्हणाले.

मग प्रयागबाई मागे शिरली. आधी डोकं, मग खांदे, मग बराच वेळ काहीच नाही, मग बाकीची प्रयागबाई.

"अडकले गो!" ती ठरल्याप्रमाणे ओरडली. लोकांनी माना डोलावल्या. थोड्या वेळाने आतून वेगळाच आवाज आला. "अमिरुन, आता खरंच अडकले गो! नाटक संपलं माजं!"

तिला काढायला माणसं लागली. कोणी हात धरले, कोणी सल्ले दिले. समितीचा चहा झाला, निरीक्षकांचा चहा झाला, आतल्या आत प्रयागबाईलाही बशीतून चहा पाजला. अखेर ती बाहेर आली तेव्हा टाळ्या पडल्या आणि भाऊसाहेबांचा चेहरा प्रथमच उजळला. "फारच गैरसोयीची गाडी आहे. मला तर ही जर्मन गाडीच्या वरचढ वाटते."

हे ऐकून मुरादशेठचं डोकं फिरलं. "वरचढ? ही स्वस्तातली? अहो, माझ्या गाडीत याच्याहून जास्त अडकतं! थांबा, दाखवतो!"

आणि कोणी अडवायच्या आत मुरादशेठ आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर घुसले.

जर्मन गाडी शब्दाला जागली. मुरादशेठचे गुडघे हनुवटीला लागले आणि पोट दोन्ही सीटच्या मधे पाचरीसारखं बसलं. पुढची सीट सरकवायला बटण होतं, बटणाला किल्ली लागत होती, आणि किल्ली मुरादशेठच्या मागच्या खिशात होती, म्हणजे जिथे आता कोणाचाही हात पोचणार नव्हता.

"ओढा रे मला!"

दोघंतिघं पुढे झाले. अमिरुन्निसाबीने काठी आडवी धरली.

"मुरादभाय, दोनी गाड्या सारक्या म्हना आधी."

"सारख्या कशा? माझी जर्मन हाय!"

"मग जर्मनांना बोलवा काढायला." ती शेजारच्या गतिरोधकावर निवांत बसली. "मला घाई नाय. मला चालता कुठं येतं?"

प्रयागबाईने पदराने वारा घेत खिडकीतून डोकावून पाहिलं. "बशीतून चा देऊ का शेठ? आतमधी बरा लागतो."

आतून काही काळ जर्मन अभियांत्रिकीला न शोभणारे शब्द आले. मग हळूहळू ते थकले. "सारख्या," असा बारीक आवाज आला.

"मोठ्यानं. निरीक्षकांना ऐकू जायला पायजे."

"सारख्या! सख्ख्या बहिणी! आता ओढा!"

तज्ज्ञांचं मत मिळताच भाऊसाहेबांनी निर्णय दिला. दोन्ही वाहनं सारखीच निरुपयोगी आढळल्याने ती समतुल्य आहेत.

जेसीबी पुन्हा आला. मात्र आता आपला गतिरोधक आधी काढावा म्हणून भांडणं जुंपली, कारण ज्याचा आधी निघेल तो मोठा, असं ठरलं होतं. संध्याकाळपर्यंत रस्ता ताटासारखा सपाट झाला, आणि अकिबची लाल गाडी वाऱ्यासारखी येऊन थेट आईच्या दारात थांबली. अकिबने दार उघडलं. सवला जायला टॉवेल, कपडे, तेलाची बाटली, सगळं तयार.

अमिरुन्निसाबी गाडीजवळ गेली. वाकली. आणखी वाकली. सीट तिथेही नव्हती, त्याच्याही खाली होती. गुडघ्यांनी साफ नकार दिला. उजवा पाय आधी घालून झालं, पाठमोरं बसून झालं, प्रयागबाईने खांद्यावर दाबूनही पाहिलं.

"अम्मी, थोडंच खाली!"

"अरे, एवढं खाली जाता आलं असतं तर गरम पान्याला कशाला जाते?"

अकिबचं तोंड एवढंसं झालं. त्याच्याकडे बघून तिला आधी माया आली आणि मग हसू. ती दाराला धरून हसत सुटली, प्रयागबाई हसली, शेवटी अकिबही हसला. तेवढ्यात पीं पीं करत नाक्यावरची रिक्षा आली. रिक्षावाला लाल गाडी बघायला आला होता. रस्ता सपाट झाल्याचं त्याला गाडीपाशी पोचल्यावर समजलं.

रिक्षाची सीट बरोबर गुडघ्यांच्या उंचीची होती. अमिरुन्निसाबी त्यात राणीसारखी बसली, शेजारी प्रयागबाई बसली, आणि पुढे रिक्षा, मागे तिचे कपडे आणि टॉवेल घेऊन रिक्षाच्या वेगाने सरपटणारी स्पोर्ट्स कार, अशी मिरवणूक सवला गेली.

हल्ली पंचायतीत फारसं कोणी तक्रार घेऊन जात नाही. ज्याच्या दारात चिखल आहे, तो कोणाची बसकी गाडी दिवसभरासाठी मिळते का ते बघतो.

अमिरुन्निसाबी आठवड्यातून एकदा सवला जाते. कुंडातल्या बायका तिच्याभोवती गोळा होतात आणि ती त्यांना ही हकीकत रंगवून सांगते. आजवर एकीनेही विचारलेलं नाही की गुडघे आता कसे आहेत. सगळ्या विचारतात, गाडी कितीला पडली?

तुमचाही प्रश्न तोच आहे, ठाऊक आहे. पण सांगता येत नाही. आकडा तुमच्या तोंडून भाऊसाहेबांच्या कानावर गेला, तर ते फेरतपासणी लावतील.