शरयूवहिनींकडे सरप्राइज मिळत नाही

शरयूवहिनी गाऊन विकतात, पण गिऱ्हाइकाच्या बायकोला विचारल्याशिवाय नाही.

इथे आखातात, खलिफा सिटीत त्यांचं उंची बुटीक आहे. नवराबायकोच्या बंद दाराआडचे सगळे शौक तिथे मिळतात, म्हणजे इथल्या कायद्यात बसतील तेवढे: झिरझिरीत गाऊन, मालिशची तेलं, सुगंधी मेणबत्त्या. आणि सगळं नीतीला धरून. "हे रेशीम किडा न मारता काढलंय," वहिनी खणखणीत आवाजात सांगतात, "आणि शिवणाऱ्या बाईला बाळंतपणाची भरपगारी रजा आहे." एवढं ऐकल्यावर माणसाच्या मनात दुसरं काही शिल्लक राहत नाही. मंडळाच्या आरतीला भेटल्या तर प्रसादाच्या रांगेतून विचारतात, "काय रे जोशी, चंदनाचं तेल संपलं का?" जोशी तेव्हापासून आरतीला फिरकलेला नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तो नाइलाजाने. लग्नाचा वाढदिवस साफ विसरलो होतो. मेधा आठवडाभर माझ्याशी फक्त मुलामार्फत बोलत होती. म्हटलं, भारीतला गाऊन नेऊ, विषय खलास.

"मेधाला विचारलंस?"

"वहिनी, सरप्राइज आहे."

"सरप्राइज आपल्याकडे मिळत नाही. फोन लाव. स्पीकरवर."

शेजारी एक अनोळखी जोडपं मेणबत्त्या हुंगत होतं. मी हात जोडले, काही उपयोग झाला नाही. फोन मुलाने उचलला.

"डॅड, मॉम इज नॉट टॉकिंग टु यू."

"तिला सांग, शरयूकाकू आहे," वहिनी ओरडल्या. "बाबाला तिच्यासाठी गाऊन घ्यायचाय, पारदर्शक!"

जोडप्याने मेणबत्त्या हळूच खाली ठेवल्या.

मेधा फोनवर आली. "गाऊन? वहिनी, महिनाभर माझी पाठ धरलीय. त्याने एकदा तरी विचारलं का?"

"अगं, मी इथेच आहे..."

"तू गप्प बस," दोघी एकदम म्हणाल्या.

वहिनींनी माझ्या हातातला गाऊन काढून घेतला आणि तेलाची बाटली ठेवली. "आधी तळहातावर कोमट करायचं. आणि दुखतं कुठे ते तिला विचारायचं."

मी वैतागलो. भाऊंचं, म्हणजे वहिनींच्या यजमानांचं नाव एरवी कुणी त्यांच्यापुढे काढत नाही. ते गेल्यावरच वहिनींनी हे दुकान काढलं. पण माझं तोंड सुटलं. "भाऊंनी न विचारता कधी काही आणलंच नाही का?"

वहिनी पिशवीला रिबीन बांधत होत्या.

"हे फुजैराच्या बंदरावर होते ना. सुट्टीला घरी येताना दर वेळी रोल्लाच्या बाजारातून गाऊन आणायचे. लाल. मला लाल रंग अजिबात आवडत नाही. ह्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. घडी मोडली नाही एकाचीही."

"मग काय केलंत त्यांचं?"

"आता तेच घालून झोपते," वहिनी म्हणाल्या आणि पिशवी माझ्या हातात कोंबली. "यल्ला, नीघ. पाठ दुखतेय तिची."